पैकीच्या पैकी आणि पाचवी फळी

"बाई, एका फळीपायी पोरीचं प्रगतिपुस्तक बिघडवायचं?"

"बिघडवलं कुठं, सर? फळी बसली नाही, एवढंच लिहिलंय."

"शून्य दिलंय तुम्ही."

"शून्य नाही. 'पुन्हा करावे' असं लिहिलंय."

"पालकांच्या हिशेबी ते शून्याहून वाईट."

टेबलाच्या एका बाजूला मुख्याध्यापक बसले होते, दुसऱ्या बाजूला गणिताच्या बाई उभ्या होत्या, आणि भांडणाचं मूळ भिंतीला टेकून गुमान उभं होतं: रंधा मारलेली एक कोरी फळी.

सातवीच्या मोजमापाच्या धड्यावर बाईंनी यंदा पेपर काढलाच नव्हता. शाळेच्या वाचनालयात पाच कोनाडे कित्येक वर्षं रिकामे पडले होते. वर्गाचे पाच गट केले, प्रत्येकाला एक कोनाडा दिला. मोजा, आकृती काढा, मापाची चिठ्ठी सुतारकाकांना द्या. फळी बसली की पास. काकांना बाईंनी बजावून ठेवलं होतं की चिठ्ठीत चूक दिसली तरी बोलायचं नाही, लिहिलंय तेवढंच कापायचं. आयुष्यभर गिऱ्हाइकांच्या चुका सावरून घेत काम केलेल्या माणसाला हे फार जड गेलं. पण शब्द दिला होता, तो त्यांनी पाळला.

चार फळ्या बसल्या. त्यातल्या एकीच्या कडेला बोट जाईल एवढी फट राहिली, पण बसली. पाचवी मात्र कोनाड्याच्या तोंडाशीच अडली. ती नेमकी वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीच्या गटाची. वर्ग तिला 'पैकीच्या पैकी' म्हणायचा. गटातल्या बाकीच्यांनी "तू आहेस ना" म्हणून हात झटकले होते, आणि तिने एकटीने कोनाड्याची रुंदी तळाशी मोजली, एकदाच, मिलिमीटरपर्यंत अचूक. फळी बसायची होती छातीच्या उंचीवर. पुस्तकातल्या आयताच्या समोरासमोरच्या बाजू सारख्या असतात. कोनाड्याच्या भिंतीने ते पुस्तक वाचलेलं नव्हतं, ती वर जाता जाता आत झुकली होती. बाकीच्या गटांचा पुस्तकावरही विश्वास नव्हता आणि एकमेकांवरही. त्यांनी भांडत भांडत चार ठिकाणी मोजलं आणि ते तरले.

मुलीची आई औषधांच्या दुकानात कामाला. आदल्या दिवशी ती येऊन गेली. आवाज चढवला नाही, फक्त सहा वर्षांची प्रगतिपुस्तकं टेबलावर ओळीने मांडली आणि मुलीला लेखी पेपर द्यावा अशी विनंती केली. सरांना ते पटलं. एकीला पेपर म्हणजे सगळ्यांनाच पेपर, आणि मग सोमवारपासून पुन्हा पहिल्यासारखं. बाईंनी दोन वर्षं मागे लागून मिळवलेली पेपर न काढण्याची परवानगी अशी एका दुपारी जाणार होती.

बाईंना त्या मुलीचा राग नव्हता. त्या स्वतः अशाच होत्या. शाळा, कॉलेज, सगळीकडे गणितात पहिल्या. लग्नानंतर सासूबाईंनी पडद्यांचं माप आणायला सांगितलं, तर खिडकीची रुंदी दशांशात लिहून शिंप्याकडे गेल्या. चुण्या धरल्या नाहीत, दुमड धरली नाही. पडदे टांगले तेव्हा नणंद म्हणाली, "वहिनी, खिडकीला झबलं छान शिवलंत." घर हसलं, बाईही हसल्या. पण नंतरची एकोणीस वर्षं फळ्यावर क्षेत्रफळाचं सूत्र लिहिताना त्यांचा खडू दर वेळी क्षणभर थांबायचा. पेपर तपासताना वाटायचं, हे सगळं बरोबर आहे, पण यांना येतं का? हे कुणाला विचारायचं, ते त्यांना फार उशिरा सुचलं. सुताराला.

"सर, पेपर दिला तर तिला पैकीच्या पैकी मिळतील," बाई शांतपणे म्हणाल्या. "ते तिला ठाऊक आहे, तुम्हाला ठाऊक आहे. मग परीक्षा कुणाची?"

सरांनी चष्मा पुसला. ते वाईट नव्हते. पालकांचे फोन घेऊन घेऊन त्यांचा कान दुखायला लागला होता, एवढंच. "तिलाच विचारू," ते म्हणाले. "ती पेपर देते म्हणाली, की विषय संपला."

मधल्या सुट्टीत मुलगी आली. डोळे सुजलेले, वेणी चापून घातलेली. तिच्या मागोमाग सुतारकाका आले. त्यांना फळी परत न्यायची होती.

सरांनी मायेने विचारलं, "बाळ, सोमवारी साधा लेखी पेपर ठेवू या का? हे फळीबिळी विसरून जा."

मुलीने फळीकडे पाहिलं. मग काकांकडे.

"काका, ही वाया गेली?"

"वाया कशानं जाईल? लांब आहे. आखूड असती तर गेली असती."

"मग कापून द्याल?"

"देईन की," काकांनी कानामागची पेन्सिल काढली. "किती कापू, सांग."

ती बोलायला गेली आणि थांबली. आकडा तिच्याकडे नव्हता. तिने बाईंकडे पाहिलं. बाई मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिल्या. ओठांवर आलेलं उत्तर गिळायला त्यांनाही त्या दिवशी काकांइतकेच कष्ट पडले.

"बाळ, मी काहीतरी विचारलं तुला," सर म्हणाले. "पेपर देशील ना?"

मुलीने काकांच्या दुसऱ्या हातातला मोजायचा टेप घेतला आणि ती वाचनालयाच्या दिशेने निघून गेली.