लाथबाई

पोहायला शिकवणाऱ्या त्यांना तलावावर सगळी मुलं समोर बाई म्हणत आणि पाठीमागे लाथबाई. हे नाव त्यांनी स्वतःच ओढवून घेतलेलं. गळ्यात शिट्टी असायची, पण वाजवायचं सुचेल तर शपथ! काठावरून एकच आरोळी, "लाथ मार! अगं, लाथ मार!" एरवी बाई मुंगीलाही पाय लागू न देणाऱ्या. नवं मूल पाण्यात उतरलं की ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घ्यायच्या.

सध्या त्यांचा जीव एका पोरीत अडकला होता. पाठीवर पोहताना तिचे हात वल्ह्यांसारखे सुरेख चालत. पण भिंतीला रेटा देऊन पाण्याखालून सरकायची वेळ आली की गुडघे दुमडून पाण्याबाहेर डोकावत. म्हणून ती 'सायकल'. चौघींच्या रिलेत पाठीवर पोहणारीची जागा तेवढी उरली होती, आणि ती रविवारी शर्यत लावून ठरायची होती.

"बाई, तुम्ही म्हणता तशा लाथा मारते की!"

"मारतेस गं. पण पाणी नुसतं घुसळतेस. लोणी काढायचंय का?"

पोरगी हसली, पण टोपी काढताना तिनं डोळे पुसले. "ही जागा गेली ना बाई, तर मी यायचीच नाही."

संध्याकाळी बाई घरी धुणं वाळत घालत होत्या. ओला टॉवेल झटकला, तसा फट्‌कन आवाज झाला.

आतून नवरा म्हणाला, "अगं, त्या टॉवेलनं तुझं काय घोडं मारलंय?"

बाई तशाच उभ्या. खांद्यातून निघालेला झटका लाटेसारखा जाऊन टोकाला फुटला होता. आणि लाथ म्हटलं की माणूस आधी गुडघाच दुमडणार! पोर बिचारी सांगितलेलंच ऐकत होती.

"अहो, इतकी वर्षं मी चुकीचंच ओरडतेय."

"पोरांवर, की माझ्यावर?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी सायकलच्या हातात ओला टॉवेल दिला. "झटक. बघितलंस? आता तूच टॉवेल. हात डोक्यामागे ताण, पाय जुळव. झटका छातीतून निघू दे, पायाच्या बोटांशी संपू दे."

"आणि नाकात पाणी जातं त्याचं काय?"

"नाकातून गुणगुणत राहा. शाळेतली प्रार्थना येते ना?"

"देवाचं नाव नाकातून घ्यायचं?"

"चालतं त्याला. सर्दी झालेल्यांचंही ऐकतोच की तो!"

रविवारी शिट्टी झाली. गुडघे कुठे दिसेनात. पाण्याखाली एक लांब सावली सळसळत निघाली. बाकीच्या वर आल्या तरी ही खालीच. बाईंचा धीर सुटला आणि तोंडून सवयीनं निघून गेलं, "लाथ मार!"

त्यांनी जीभ चावली. पण पोरीच्या कानांत तेव्हा फक्त तिची प्रार्थना होती. पाण्याखालून जास्तीत जास्त जिथवर जाता येतं, त्या लाल खुणेच्या जरा अलीकडे तिनं डोकं वर काढलं, ते सगळ्यांच्या पुढे. ती पुढेच राहिली आणि जागा तिची झाली.

बाहेर आल्यावर तिनं धापा टाकत विचारलं, "बाई, मघाशी काठावरून काही ओरडलात का?"

"मी?" तिच्या खांद्यावर टॉवेल टाकत बाई म्हणाल्या, "छे गं! देवाचं नाव घेत होते."