चंद्रावरचा दिवेवाला

“अहो, जेवायला येताय, की तुमचं ताट त्या पुस्तकातच वाढू?” मालती स्वयंपाकघरातून अशी ओरडली, की वरच्या मजल्यावरचं कुत्रंसुद्धा जेवायला उठलं असेल.

मी विज्ञानकथांच्या आमच्या जुन्या संग्रहात नाक खुपसून बसलो होतो. यात वाचलेली एक गोष्ट मी आयुष्यभर अख्ख्या गावाला सांगत आलोय. चंद्रावर दिवे लावणारा एक माणूस असतो. अमावास्येला त्याला सुट्टी असते, म्हणून तो पृथ्वीवर बायकोला भेटायला येतो. ही गोष्ट ऐकूनच मालतीने मला होकार दिला होता. आमच्या संसाराचा पायाच तो दिवेवाला!

आज पुस्तक पुन्हा वाचलं, तर यात तो नाहीच. यंत्रमानव आहेत, उडते राजवाडे आहेत, शिंकणारी झाडं आहेत. दिवेवाला तेवढा बेपत्ता. पान फाटलेलं नाही, अनुक्रमणिकाही धडधाकट. मग तो गेला कुठे? आपण वाचतो तेव्हा एखादी गोष्ट उठून आपल्याकडे राहायला येते, आणि मागे पुस्तकातली तिची जागा गुपचूप बुजते, असं तर नसेल? की दोन गोष्टींमधल्या कोऱ्या जागेत मीच तिला वाचलं होतं?

ताटावर बसल्यावर मी जीव मुठीत धरून म्हणालो, “अगं, आपली ती दिवेवाल्याची गोष्ट या पुस्तकात नाहीच.”

“माहीत आहे,” वरण वाढत मालती म्हणाली. “तुम्ही सांगितलीत, तेव्हा माझं हे पुस्तक वाचून झालं होतं.”