तोरलची मांडवी

आमच्या कॉलेजची वेबसाइट मुलंच करतात. बाहेरच्या कंपनीला द्यायला पैसे नाहीत असं नाही, पण दवे सरांचा हट्ट, की मुलांनी करून शिकावं. त्यासाठी जुन्या ड्रॉइंग हॉलमागची खोली दिली आहे. तिची किल्ली माझ्याकडे असते. झाडून घेणं, कॉम्प्युटरवरची धूळ पुसणं, मुलांनी अर्धवट टाकलेले चहाचे कप गोळा करणं, हेही माझ्याकडेच.

टीममधलं कोणी मजकूर लिहितं, कोणी फोटो काढतं, कोणी रंग आणि अक्षरं बघतं. तोरल सुथारच्या नावापुढे लिहिलेलं होतं, इंटरॅक्टिव्ह मीडिया डेव्हलपर. मी तिला एकदा विचारलं, म्हणजे तू नक्की करतेस तरी काय. ती म्हणाली, "ताई, बाकीच्यांचं काम लोक बघतात. माझ्या कामाला लोक बोट लावतात, आणि मग ते काहीतरी करतं."

एवढं बोलणं म्हणजे तिच्या मानाने भाषणच. शहरातल्या पाणीगेट भागात तिच्या वडिलांचं, जशुभाईंचं, सुतारकामाचं दुकान आहे. त्या घरात करवत बोलते, माणसं गप्प असतात. टीमचा मुख्य मौलिक तिला मौनीबाबा म्हणायचा. ती तेवढ्यापुरती हसायची आणि परत कामाला लागायची.

नवरात्र जवळ आलं की वेबसाइटवर कॉलेजच्या गरब्याचं पान करावं लागतं. पास कुठे मिळतील, फाटक किती वाजता बंद होईल, असं सगळं. त्या वर्षी तोरलने त्या पानावर एक मुलगी बसवली. बोट लावलं की ती गरबा करून दाखवायची. दोन टाळीचा म्हटलं की दोन टाळीचा, तीन टाळीचा म्हटलं की तीन टाळीचा. बोटाने थांबवली की एक पाय उचलून तशीच उभी. मला फार आवडली ती. ऑफिसातल्या बायकांनी तर जेवायच्या सुट्टीत तिच्याबरोबर पावलं टाकून बघितली.

पानाच्या खाली लोकांनी मत लिहायची जागा होती. बहुतेकांनी मस्त, छान असं लिहिलं. एकाने पासचे पैसे परत मागितले. आणि एकीने लिहिलं होतं, पाऊल कसं टाकायचं ते कळलं, कधी टाकायचं ते कुठे आहे?

मौलिक म्हणाला, कोणीतरी खेचतंय. तोरलने सरळ उत्तर दिलं की उजव्या कोपऱ्यात आवाजाचं बटण आहे. थोड्या वेळाने परत दोन ओळी आल्या. मला ऐकू येत नाही. माझं नाव जैमिनी.

तोरलने त्या ओळी परत वाचल्या. मग उठून माझ्याकडे आली आणि मुक्या-बहिऱ्या मुलींची शाळा कुठे आहे ते विचारलं. मला ती शाळा ठाऊक होती, कारण तिथल्या मोठ्या मुलींना दर अष्टमीला आमच्या गरब्याला बोलावतात. पहिल्या रांगेत खुर्च्या मांडतात, सरबत देतात, तासभर बसवतात. मग बस येते आणि त्या जातात. सगळं मानाने होतं, कोणी वाईट वागत नाही. पण त्यांना खेळायचं असेल, हे इतक्या वर्षांत माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. जैमिनी बारावीला होती. उंच, सडपातळ, हात असे चपळ की बघता बघता दमायला व्हावं. तिच्या बाई, सरोजबेन, तिच्या खुणांचं सगळं आम्हाला बोलून सांगत होत्या. जैमिनीचं म्हणणं असं की ती गावी दरवर्षी खेळते, पण चुलतबहिणीच्या मागे उभी राहून. ती टाळी देते ते बघून मग ही देते. "सगळ्या जगाची टाळी झाली की माझी," असं तिने हातांनी सांगितलं. "उष्टी टाळी खेळते मी." बाकीच्या मुली हसल्या, कारण सगळ्यांचं तेच होतं. परीक्षा झाली की ती डभोईजवळच्या तिच्या गावी परत जाणार होती. म्हणजे कॉलेजच्या मैदानावरची ही तिची शेवटची अष्टमी.

तोरल म्हणाली, "या वर्षी तुम्ही रिंगणात खेळायचं. स्वतःच्या टाळीने."

सरोजबेननी ते मुलींना लगेच सांगितलं नाही. आधी तोरलला बाजूला घेतलं. "बेन, या मुलींना शब्द देताना जपून हं. ऐकू येत नाही ना, म्हणून बघितलेलं त्या विसरत नाहीत."

तोरलने मान हलवली. शब्द दिला तो दिलाच.

दवे सरांचं म्हणणं पडलं की कॉलेजच्या प्रवेशाचं पान आधी पूर्ण करा आणि मग काय करायचं ते करा. शिवाय गर्दीत एखादी मुलगी पडली तर उत्तर त्यांना द्यायचं आहे, हेही ते बोलले. त्यांचंही चूक नव्हतं. तोरलने प्रवेशाचं पान करून दिलं आणि त्याच खुर्चीत बसून हे काम सुरू केलं.

पहिल्यांदा तिने असं पान केलं की ढोल वाजला की प्रत्येकीचा फोन चमकेल. शाळेच्या अंगणात मौलिकने ढोलाऐवजी थाळी वाजवली आणि मुली हातात फोन धरून फिरायला लागल्या. एका फोनवर उजेड आधी, दुसऱ्यावर जरा मागाहून. त्यात सगळ्यांच्या माना खाली. दोन फेऱ्या होतात न होतात तोच एकीचं डोकं दुसरीच्या पाठीवर आपटलं आणि पुढची सगळी माळ कोसळली. मौलिक म्हणाला, माझ्या फोनवर तर बरोबर चालतंय. यावर तोरलने त्याच्याकडे जे बघितलं, ते मला अजून आठवतं.

मुली कपडे झटकत उठल्या. जैमिनीने आपला फोन घेतला, अंगणाच्या मधोमध एका विटेला टेकवून ठेवला आणि त्याच्याभोवती चालायला लागली. मान वर, हात मोकळे. मग थांबून तिने सरोजबेनकरवी तोरलला विचारलं, गरब्यात सगळे कुठे बघतात? तोरलने वाकून त्या विटेकडे बोट दाखवलं. आपल्याकडे मधे माताजी असते, दिवा असतो, लोक त्याच्याभोवतीच फिरतात. इतकी साधी गोष्ट, पण तोरलच्या कामात बघणारा आणि पडदा समोरासमोर असतात, म्हणून ती फोन हातातच देत बसली होती.

तिथून ती सरळ वडिलांच्या दुकानात गेली. जशुभाईंनी दिवे ठेवायची आठ बाजूंची लाकडी मांडवी केली, पूर्वी जुन्या शहरातल्या प्रत्येक गल्लीत गरब्याच्या मधोमध ठेवायचे तशी. फक्त उंची माणसापेक्षा जास्त, आणि बाजूंना पांढरं कापड. आत तोरलने रंगीत दिवे लावले आणि ते कॉम्प्युटरला जोडले. पहिल्या टाळीला लाल, दुसरीला पिवळा, तिसरीला हिरवा आणि गिरकीच्या वेळी सगळी मांडवी पांढरी. ठोका कोणी दाबायचा नाही, ढोलाच्या कातड्यालाच एक छोटा माइक चिकटवायचा. जसा ढोल वाजेल तसा उजेड.

आमचे ढोली रमजुकाका मीर. त्यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या ढोल. त्यांनी तो माइक बघितला आणि म्हणाले, "अगं, ताप आलाय का माझ्या ढोलाला? हे काय काखेत लावतेस?" पण मांडवीवर पहिला लाल उजेड पडला तसे ते पुढे सरसावले. मग हळू वाजवून बघितलं, जोरात वाजवून बघितलं, मधेच एक ठोका खाऊन तिला फसवायला बघितलं. उजेडही तेवढ्या ठोक्याला थांबला. काका खूश.

पूजा समितीच्या पुष्पाबेनना मात्र पटेना. ही माताजीची मांडवी आहे, वरातीचा डीजे नाही, असं त्यांचं मत. त्यांनी मला विचारलं, कारण दर वर्षी घटाशेजारचा दिवा मी लावते. मी म्हटलं, "जुन्या मांडवीत तरी आपण दिव्यांशिवाय काय ठेवायचो, बेन? मधला तुपाचा दिवा मी लावीन. बाजूचे तिला लावू दे." यावर त्या हो म्हणाल्या.

सराव शाळेच्या हॉलमध्ये झाला. खिडक्या बंद, पडदे ओढलेले. मुली अशा खेळल्या की सरोजबेन दारात उभ्या राहून डोळे पुसत होत्या.

अष्टमीला आमचा गरबा संध्याकाळीच असतो, कारण रात्री सगळ्यांना शहरातल्या मोठ्या मैदानांवर जायचं असतं. मुली आल्या. चणिया-चोळी, आरसे, कपाळावर चांदण्या. खुर्च्यांवर कोणी बसलं नाही. ढोल सुरू झाला, शेकडो मुलं रिंगणात उतरली, तोरलने कॉम्प्युटर सुरू केला, आणि मांडवी नुसती पांढरी. ऊन तिच्यावर तिरपं पडत होतं. आतले दिवे लागत होते, पण दिसत नव्हते. मौलिक म्हणाला, खोलीत बसून बसून आपण सूर्यच विसरलो.

ठीक आहे, ऊन उतरेल, म्हणून थांबलो. ऊन उतरलं आणि मैदानाचे मोठे दिवे लागले. ते तर उन्हाहून कडक. जैमिनी रिंगणाच्या कडेला उभी होती, हात कमरेवर. ती तोरलकडे बघत नव्हती, मांडवीकडे बघत होती. ते जास्त वाईट.

लाइटवाल्या बिपिनकडे तोरल गेली. तो म्हणाला, एवढ्या गर्दीत दिवे घालवले आणि कोणी चेंगरलं तर मला धरतील, लेखी आणा. दवे सर शेजारीच होते. त्यांनी गर्दीकडे बघितलं, मग मांडवीकडे बघितलं. शाळेची बस फाटकाशी येऊन उभी राहिली होती.

मग तोरल गर्दीतून वाट काढत रमजुकाकांपाशी गेली आणि त्यांच्या कानाशी काहीतरी बोलली. काकांनी ढोलावर हात ठेवला. ढोल थांबला आणि सगळं रिंगण एकाएकी जागच्या जागी उभं राहिलं. काय झालं, काय झालं, सुरू झालं. तोरलने गाणाऱ्या मुलीच्या हातातला माइक घेतला. मौनीबाबा आमची. मी मनातल्या मनात अंबामातेचं नाव घेतलं.

"मी तोरल, वेब टीममधली," ती म्हणाली. शब्द स्वच्छ होते. "आपल्याबरोबर खेळायला काही मुली आल्यात. त्यांना ढोल ऐकू येत नाही, दिसतो. पण मोठे दिवे चालू असले तर दिसत नाही. दिवे थोडा वेळ बंद होतील. कोणी पळायचं नाही. मधे बघा, आणि त्यांना वाट द्या."

कोणीतरी मागून शिट्टी मारली. दवे सर वळले आणि बिपिनला म्हणाले, "घालव. दवेने सांगितलं असं लिही, सही करतो."

दिवे गेले. क्षणभर फक्त माझा तुपाचा दिवा दिसत होता. मग काकांनी जाड बाजूवर थाप मारली आणि मांडवी लाल झाली. पिवळी. हिरवी. पांढऱ्या उजेडात सगळ्या मैदानाचे चेहरे दिसले आणि त्याच उजेडात रिंगण उघडलं. पहिली जैमिनी आत गेली. लाल, आणि तिची टाळी. पिवळा, टाळी. मी तिच्या शेजारच्या ऐकणाऱ्या मुलींचे हात बघत होते. त्यांची टाळी आणि हिची टाळी, मधे केसभर अंतर नव्हतं. सरोजबेनना मुलींना पुढे ढकलावं लागलंच नाही. एकामागून एक सगळ्या आत होत्या.

काकांनी लय वाढवली. हीच माझी खरी भीती होती, कारण सराव संथ लयीचा झाला होता. तोरल कीबोर्डवर हात धरून बसली, पण तिला काही करावं लागलं नाही. ढोल पळाला तसा उजेड पळाला, आणि उजेड पळाला तशा मुली पळाल्या. आरसे लखलखत होते. कॉमर्सची धिप्पाड पोरं धापा टाकत बाहेर येऊन गवतावर बसली. बस ड्रायव्हरही फाटक सोडून आत आला होता आणि टाळ्या देत होता. पुष्पाबेन मला म्हणाल्या, "बघितलंत ताई, माताजीलाही रंग आवडतात." जणू कल्पना त्यांचीच.

मग जैमिनी रिंगणातून बाहेर आली आणि तोरलचा हात धरून ओढायला लागली. तोरल कॉम्प्युटरकडे बोट दाखवत होती. मौलिकने तिला खुर्चीतून उठवलं आणि स्वतः बसला. "जा गं. इथे आता बघण्यासारखं काही उरलेलं नाही." जीन्स आणि टी-शर्ट घातलेली तोरल चणियांच्या मधे शिरली. पहिल्या फेरीत दोनदा चुकली, तिसऱ्या फेरीपासून चुकली नाही.

मोठे दिवे थोड्या वेळासाठी बंद केले होते, ते बिपिनने परत लावलेच नाहीत. आठ वाजले, मैदानाची वेळ संपली, तरी कोणाला थांबवायचं सुचेना. शेवटी रमजुकाकाच थकले. त्यांनी ढोल गळ्यातून काढून खाली ठेवला आणि पाणी मागितलं. मांडवी विझली. मी जाऊन तुपाच्या दिव्यात तूप घातलं. जैमिनी आणि तिच्या मैत्रिणी घामाने निथळत काकांभोवती गोळा झाल्या, आणि पाणी पिऊन ते ढोल परत कधी उचलतात, म्हणून त्यांच्या हातांकडे बघत उभ्या राहिल्या.