चिखलावरची साय

प्रयोगशाळेत तिला सगळे नाकमुरडी म्हणत, आणि त्यात काही खोटं नव्हतं. खाडीच्या तळातून नळकांड्यांत भरून आणलेला काळा चिखल चाळणीत धुवायचा, हे तिचं काम. शी! सडक्या अंड्यांसारखा तो वास साबणानंही जात नसे. घरी जेवताना स्वतःचाच हात तोंडाजवळ नेववायचा नाही. त्यातून चिखलाच्या माथ्यावरचा हिरवट, लिबलिबीत थर तर तिला डोळ्यांसमोरही नको असायचा. दुधावरची साय काढावी तसा तो चमच्यानं काढायचा, मोरीत भिरकावायचा, मगच पुढचं काम. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी कधी पाहिलंही नव्हतं.

चिखलात वाळूच्या कणाएवढे कवचवाले जीव असत, फोरामिनिफेरा. धुण्याआधी चिखलात रंग कालवला की जिवंत असलेले गुलाबी होत, मेलेल्यांची कवचं पांढरीच राहत. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून बघावं तेव्हा पांढरेच दिसत.

"खाडीचा तळ मेलाय," मॅडमनी अहवाल पाठवला. मेलेली खाडी बुजवायला बंदरवाले टपलेलेच होते. आणि त्याच खाडीत नाकमुरडीचा दादा शिंपल्यांतली कालवं वाढवायचा.

"मेलाय म्हणे!" दादा जेवताना भडकला. "मग माझी कालवं काय हवा खाऊन जगतात? तुझ्या मॅडमना डोळे आहेत की बटणं?"

दुसऱ्या दिवशी तिनं भीत भीत विचारलं, "मॅडम, हे जीव जिवंत असले तर राहतात कुठे?"

"अगदी वर. वरून पडणारा कुजका कचरा खातात. बोटभर खाली गेलं की श्वास घ्यायला काही नाही, तिथं फारसं कोण राहणार? वर लिबलिबीत थर असतो ना, तेच त्यांचं घर."

मोरीत भिरकावलेली सगळी साय तिला आठवली. ती तडक फ्रिजकडे गेली.

आत एकच नळकांडं उरलं होतं. ओकारी दाबत तिनं ते सायीसकट रंगात कालवलं. रंग मुरेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. मग धुऊन मॅडमपुढे ठेवलं.

"अगं बाई! गुलाबी! नुसता खच पडलाय!" मॅडम ओरडल्या. "मग आधीच्या नळकांड्यांत एकही कसा नव्हता?"

"मी वरचा थर काढून टाकत होते. किळस यायची मला."

मॅडमनी आधी फोन करून अहवाल थांबवला. मग मान वळवून तिच्याकडे बघितलं. ती नजर नाकमुरडीनं लगेच ओळखली. त्या चिखलाकडे ती रोज तसंच बघत आली होती.