बागेच्या अर्जातील एक ओळ

अर्जदार : हे लिहिणारा, धंदा अर्जनवीस, शिक्षण मराठी पाच इयत्ता, वय पन्नाशीच्या आसपास.
ज्याच्याविरुद्ध तक्रार : तोच, व काही अंशी गावची नगर कमिटी.
ठिकाण : ठाण्याहून कल्याणास खाडीने जाताना उजव्या हातास लागणारे आमचे गाव, तेथील बंदराजवळची जागा.
तारीख : बागेचा पहिला अर्ज केला तो माघ महिना. कमिटी स्थापन होऊन तेव्हा थोडीच वर्षे झाली होती.
नावे : देत नाही. जिचे द्यावयास हवे, तिला विचारावे तर ती आता गावात नाही.
साक्षीदार : सारा कोळीवाडा. त्यास साक्षीस कोणी बोलावले नाही.

कचेरीबाहेरच्या ओट्यावर आम्ही चौघे अर्जनवीस बसत असू. पण मामलेदारसाहेब कागद हाती घेताच माझे अक्षर ओळखीत. इंग्रजी मला येत नाही. तथापि अर्ज कोणत्या शब्दाने मंजूर होतो व कोणत्या शब्दाने अडतो, हे मला त्या तिघांहून अधिक कळते, असे मी मानीत असे. गावही तसेच मानी.

बंदराजवळच्या त्या जागेत बाभळी माजल्या होत्या आणि अर्ध्या भागात गावचा उकिरडा होता. खाडीकडच्या कोपऱ्यात तेवढे कोळणींचे खळे होते. शेणाने सारवलेल्या त्या जमिनीवर त्या जवळा वाळवीत. येथे बाग व्हावी असे गावाच्या मनात आले, तेव्हा कमिटीने कळविले की रहिवाशांनी एकमताने अर्ज करावा आणि अंगमेहनत द्यावी. कुंपण, रोपे व माळी कमिटी देईल. अर्ज लिहिण्याचे काम अर्थातच मजकडे आले.

मी तीन पाने लिहिली. त्यांत एक ओळ अशी होती : 'सदर जागा पडीक व निरुपयोगी असून तिजवर कोणाचीही कसलीही वहिवाट नाही.' सरकारकडे जागा मागताना हे वाक्य मी नेहमीच घालीत आलो होतो. त्याने अर्ज अडत नाही. ते लिहिताना माझा हात क्षणभरही थांबला नाही.

कोळीवाड्यात मी अर्ज मोठ्याने वाचला. ऐकणाऱ्यांत एक विधवा कोळीण होती. नवरा खाडीत गेल्यापासून सासू आणि दोन मुली ती त्या खळ्यावर पोशीत असे. ती म्हणाली,

"मुनशीदादा, लय गोड वाचतंस. पन आमचा खला लिवलास का?"

"अगं बये, तुमचे खळे साऱ्या गावास ठाऊक आहे. सरकारी अर्जात काय सुपे नि टोपल्या मोजायच्या?"

"मंग माजा नवरा पन लिवू नको, त्यो बी गावाला ठावं हाय," असे ती म्हणताच बायका खदखदून हसल्या. मीही हसलो. सहीऐवजी निशाणी काढण्याची पाळी आली तेव्हा बायकांची म्हणून मी बांगडीचे चित्र काढू लागलो. तिने आपला मोकळा हात पुढे केला. "माजी बांगडी कुठली? वल्हा काड." मी वल्हे काढले, तिने संमतीदाखल लेखणीस बोट लावले, आणि खाली मी 'दस्तुर खुद्द अर्जनवीस' असे लिहिले.

पुढचे आठ महिने माझ्या आयुष्यातील चांगले होते. उन्हाळ्यात गावाने बाभळी तोडल्या. कमिटीचा ओव्हरसियर धोतर खोचून उकिरडा उपसताना मी डोळ्यांनी पाहिला. कोळ्यांनी वरच्या अंगाची गोडी, बिनखारी माती होड्यांतून आणून टाकली. पाऊस सरल्यावर रोपांना पाणी घालण्याचे काम त्या विधवेने अंगावर घेतले; विहिरीपासून ती रोज खेपा घाली. बकुळीचे एक रोप तिने तीनदा सुकता सुकता वाचविले.

दिवाळीनंतर कुंपण आले. ते खळ्याच्या पलीकडून गेले; खळे आत अडकले.

पहिला जवळा टोपल्यांत भरून बायका आल्या, तेव्हा माळ्याने फाटक लावले. मी त्याच दिवशी दुसरा अर्ज लिहिला, त्यात पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट सविस्तर मांडली, आणि तो घेऊन स्वतः कमिटीच्या हेडकारकुनापुढे उभा राहिलो. गृहस्थ सज्जन होते. त्यांनी दप्तराचा रुमाल सोडून माझाच पहिला अर्ज काढला आणि त्या ओळीवर बोट ठेवले.

"हे अक्षर कोणाचे?"

"माझे."

"आणि ही वल्ही?"

"त्यांची. म्हणजे काढली मी."

"त्यांना वाचून दाखविले होते?"

"होय. पण रावसाहेब, ती लिहिण्याची रीत आहे."

"मग आज आणले आहे तीही रीतच असेल. यातले कोणते खरे मानू, ते तुम्हीच सांगा."

दुसरा अर्ज त्यांच्यापुढे ठेवून मी बंदराकडे निघालो.

बंदरावर ती विधवा टोपल्यांपाशी बसली होती. मी सगळे सांगितले. ती रागावेल, शिव्या देईल, असे मला वाटले होते. तशी तयारी करून गेलो होतो. ती एवढेच म्हणाली, "मंजे आमीच लिवून दिला, खला नाय म्हनून?"

"तुम्ही नाही. मी."

"बोट माजा व्हता ना, दादा."

त्या हंगामात बायकांनी खाडीच्या बांधावर जवळा पसरला. भरतीचे पाणी चढले, कुत्री शिरली, माल आंबला. त्यानंतरच्या हंगामात ती विधवा बांधावर आली नाही. सासू व मुलींसह ती दिवा गावी भावाच्या आश्रयाला गेली, असे कळले. तेथे खळे आहे की नाही, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

बाग सुरेख झाली आहे. पेन्शनर मंडळी संध्याकाळी तेथे बसतात, आणि मी फाटकावरून जाताना दिसलो की हाक मारतात, "या, या, बाग तुमच्याच लेखणीची!" मी कामाचे निमित्त सांगून पुढे जातो. आजवर आणखी चार अर्ज केले. एकाचेही उत्तर नाही. असे कागद कोठे पडून राहतात हे माझ्याइतके कोणास ठाऊक असणार?

सबब, सध्या कमिटीत जे कोणी असतील त्यांस विनंती की, पहिल्या अर्जातील ती ओळ खोटी होती व ती मी लिहिली, हे माझे कबुलीपत्र दप्तरी दाखल करून घ्यावे; खाडीकडचा कोपरा कुंपणाबाहेर काढून कोळणींस परत द्यावा; आणि ते करावयाचे नसेल, तर नकार तरी लेखी कळवावा. तो मी दिव्यास जाऊन स्वतः वाचून दाखवीन. एकही शब्द गाळणार नाही. उत्तराची वाट पाहत आहे.