‘जी’ किरणचा आहे

ही गोष्ट सांगायची मी कितीतरी वर्षं टाळली. घरात कुणी विषय काढला, की मी चष्मा पुसत उठून जायचो. आता सत्तरी ओलांडली आहे. ज्या गोष्टीसाठी पुण्यातले लोक माझं कौतुक करतात ती माझी नाही, एवढं तरी लिहून ठेवलं पाहिजे.

आठ वर्षांपूर्वी बायको गेली आणि मुलगा मला पुण्याला न्यायला आला. वऱ्हाडातल्या आमच्या मालेगावच्या स्टँडवर दुपारची पुणे गाडी लागली होती. स्टँडसमोरच आमचं चहा-नाश्त्याचं हॉटेल. तिथून किरण पिशवी घेऊन आलं. किरण माझं सगळ्यांत धाकटं भावंड. खिडकीतून गरम आलुबोंड्यांचा पुडा आत देत म्हणालं, “खाऊन घेजा जी वाटेत. थंडे झाले का मजा नाही.” माझ्या तोंडाशी काही शब्द आले होते. तेवढ्यात कंडक्टरने बेल मारली आणि मी म्हणालो, “कढईतलं तेल बदलत जाय वेळेवर.” गाव सोडताना मी एवढंच बोललो.

हॉटेल वडिलांनी टाकलेलं. आम्ही मूळचे शिरपूरचे. वडील म्हणायचे, “गिऱ्हाईकाले आधी पानी विचाराव, कोन हाय ते मंग.” ते आम्हा सगळ्यांनी ऐकलं, मनावर घेतलं ते किरणने. कॉलेजच्या वयापासून गल्ल्यावर किरणच. अंगात साधा सदरा, कानात बाळ्या, केसांचा अंबाडा. लोक कधी भाऊ म्हणत, कधी बाई, आणि दोन्ही वेळा किरणचा चेहरा मिटायचा. एक दिवस मला म्हणालं, “दादा, भाऊ म्हनलं का वाटते, दुसऱ्याच कोनाले बोलावून राह्यले. बाई म्हनलं तरी तसंच. मले नुसतं किरण जी म्हना.”

आणि त्या दिवसापासून गिऱ्हाइकांनाही तशीच हाक. आमच्याकडे बोलताना ‘हो जी, नाही जी’ सगळेच करतात. पण भाऊ, बाई, काका, मावशी हे सगळं बाजूला ठेवून समोर येईल त्याला फक्त ‘या जी, बसा जी’ म्हणायचं, हे किरणचं. शिरपूरच्या मंदिराला जाणारे यात्रेकरू, बांगडीवाले चाचा, तालुक्याचे साहेब, टाळी वाजवत येणारे किन्नर, सगळ्यांना एकच स्वागत. किन्नरांमधल्या वयस्क गुरूंनी एकदा बशी खाली ठेवत म्हटलं होतं, “बेटा, तेरे यहाँ बैठने में इज्जत है.”

मी चिडवायचो, “एखाद्या पाटलाले राग येईन ना, मले पाटील म्हनत नाही म्हनून!”

“पाटील पह्यले एक कप घेत होते,” किरण म्हणायचं, “आता दोन घेऊन राह्यले.”

मग माझ्या मुलाचं लग्न आलं. मांडव शिरपूरला. आमच्याकडे आहेर माइकवर नाव पुकारून होतो, पुरुषांना टोपी, बायांना खण. आदल्या दिवशी किरणने मला बाजूला नेलं. “मले टोपीबी नको, खनबी नको. एक साधा शेला द्या आन् नाव तेवढं नीट घ्या.” मी हो म्हणालो. शेला आणलाही होता.

किरणचं नाव आलं तेव्हा माइक माझ्याच हातात होता. पाहुण्यांतून कुणीतरी ओरडलं, “याले टोपी का खन? ठरवा ना राजेहो लवकर, भूक लागली!” अख्खा मांडव हसला. मी व्याह्यांकडे पाहिलं. आणि मोठ्या आवाजात म्हणालो, “आमचे बंधू, किरणराव!” तबकातली टोपी उचलून मी स्वतःच्या हाताने किरणच्या अंबाड्यावर दाबली. अंबाड्यामुळे ती बसेना, म्हणून आणखी दाबली.

किरणने टोपी काढली, घडी घातली, तबकात ठेवली. लग्नाचा सगळा स्वयंपाक किरणच्याच हाताखाली होता. शेवटची पंगत उठेपर्यंत किरण चुलीपासून हललं नाही. मग हात धुतले आणि पायीच स्टँडकडे गेलं. त्यानंतर घरातल्या एकाही लग्नात किरणने पाऊल ठेवलं नाही. हॉटेल मात्र चालवलं. वडिलांपेक्षा आणि माझ्यापेक्षाही चांगलं.

पुण्यात घरी बसून अंग आंबलं, म्हणून मी आमच्याच सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून बसू लागलो. पहिल्याच दिवशी तोंडातून निघालं, “या जी.” डिलिव्हरीवाले, कामाला येणाऱ्या बाया, इंजिनियर, सगळ्यांना तेच. सहाशे चार नंबरच्या फ्लॅटमध्ये नोकरी करणारं एक लेकरू राहतं, बारीक कापलेले केस, पाठीवर लॅपटॉप. पूर्वीचा वॉचमन त्याला सकाळी सर म्हणायचा, संध्याकाळी मॅडम, आणि वर हसायचा. ते लेकरू माझ्यापाशी थांबलं. “काका, तुम्ही सगळ्यांनाच जी म्हणता?” “हो जी.” दुसऱ्या दिवसापासून ते रोज दोन मिनिटं थांबू लागलं.

आज चारही बिल्डिंगचे वॉचमन ‘या जी’ म्हणतात. सोसायटीच्या कार्यक्रमात मला शाल दिली. त्या लेकरानेच विचारलं, हे कुठून शिकलात? मी म्हणालो, “आमच्या वऱ्हाडात असंच असते.” टाळ्या पडल्या. ती शाल मी अजून घडीतून काढलेली नाही.

मला अभिमान आहे, पण तो शालीचा नाही. मालेगावच्या स्टँडसमोर गल्ल्यावर बसून माझ्या भावंडाने जे सुरू केलं, ते इतक्या लांब येऊन माणसांच्या कामी पडतं आहे, त्याचा आहे. मला आता घर कुठे असं विचारलं तर तो गल्ला आठवतो. तिथे आलेल्याला आधी पाणी मिळतं.

पुढच्या महिन्यात नातीचं लग्न आहे. शिरपूरलाच करायचं, हे तिनेच ठरवलं. परवा म्हणाली, “आजोबा, किरण जी आले नाहीत तर मी आहेर घेणार नाही.” पत्रिका घेऊन मी स्वतः मालेगावला जाणार आहे. जुना शेला पेटीत तसाच होता, तो काढून ठेवला आहे. पण समोर उभा राहिलो की पुन्हा तेलाचंच बोलेन, अशी भीती वाटते. म्हणून जे स्टँडवर बोलायचं राहिलं, ते इथे लिहितो.

किरण जी, त्या दिवशी लोक हसले, त्याची मले लाज वाटली. तुमची लाज वाटाले नको होती. टोपी बसत नाही हे माह्या हाताले समजत होतं, तरी मी दाबली. माफ करा जी.