बाटलीला तीन पाणी

बाटल्या धुण्याच्या शेडमध्ये किस्से शोधावे लागत नाहीत, ते पोत्यातून बाटल्यांबरोबरच येतात! हात कामात गुंतलेले आणि तोंड रिकामं, मग दुसरं होणार काय? आमची शेड मालेगावच्या रस्त्यावर, एका भंगारवाल्या शेठची. रिसोडपासून अनसिंगपर्यंत जेवढी बिअर रिचवली जाते तिच्या रिकाम्या बाटल्या इथे येतात. आम्ही सगळ्या एकाच गावच्या बाया त्या कास्टिक सोड्याच्या गरम पाण्यात भिजवतो, लेबलं खरवडतो, आतून ब्रश फिरवतो आणि तीन पाण्यांतून काढतो. मग त्या कुठेतरी जाऊन पुन्हा भरतात आणि फिरून आमच्याच गावच्या दुकानात येतात. मी दहावी पास, म्हणून मला सगळ्या मास्तरीण म्हणतात. मास्तरीणही बाटल्याच धुते, आता काय सांगायचं!

*

शेवटची तपासणी कमलामावशीची. बाटली आधी उजेडाकडे धरायची, मग नाकाजवळ न्यायची. "हिच्यात घासलेट होतं, काढ बाजूले!" "हिच्यात फिनेल भरलं होतं कोनंतरी." मावशीचं नाक कधी चुकलं नाही.

मावशीचा नवरा दारूपायी गेला. तो होता तेव्हा मावशी दारातूनच वास घेऊन सांगायची, "आज बिअर हाय. म्हंजे सोयाबीन इकलं." देशीचा वास आला की समजायचं, भाव पडले. बाजारभाव कळायला तिला मोबाईल कधी लागला नाही!

आम्ही यावर खूप हसायचो. मग एकदा सकाळी तिनं एकही बाटली नाकाजवळ नेली नाही. मंगलानं, म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात तिखट जिभेच्या बाईनं, विचारलं, "काय वं मावशी, आज नाक बंद हाय काय?"

"नाही वं बाई," मावशी म्हणाली. "काल गजू जेवाले बसला माया बाजूले. बापाचाच वास आला."

गजू तिचा एकुलता एक. लग्नाची हळद नुकतीच उतरली होती.

*

एकदा शेठकडे मोटारीतून एक साहेब आले. शहरातले, शिकलेले. घरीच हौसेनं बिअर बनवतात म्हणे, त्यासाठी त्यांना स्वच्छ बाटल्या हव्या होत्या. आमच्या धुतलेल्या बाटल्या बघून नाक मुरडलं. "नुसतं धुऊन भागत नाही. निर्जंतुक पाहिजेत. एक जरी जंतू राहिला तरी अख्खी बिअर आंबट होते." बरोबर कसलीशी पावडर आणली होती. ती पाण्यात कालवून त्यात बाटल्या बुडवायला लावल्या.

मग त्यांचं लक्ष आमच्या हातांकडे गेलं. कातडी सोललेली, बोटं पांढरी पडलेली. ते घाबरलेच. "अरे बापरे! तुम्ही हातमोजे नाही घालत?"

मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत कुणीतरी विचारलं!

"अहो, तुमच्या हातांचे जंतू माझ्या बिअरला लागतील ना!"

त्यांनी गाडीतून हातमोजे काढून दिले. त्यांच्या बाटल्या होईपर्यंत आम्ही ते घातले, मग त्यांनी ते परत नेले. मोटार गेल्यावर मंगला म्हणाली, "आमच्याकडं कोनी घरी काढली तं पोलीस येऊन मडकं फोडते. याच्याकडं पाव्हने येते चाखाले!"

*

उन्हाळ्यात गावाला पाण्याचा टँकर येतो तेव्हा येतो. शेडला मात्र रोज येतो, कारण शेठ पैसे मोजतो. घरी आंघोळीला तांब्याभर पाणी आणि इथे बाटलीला तीन पाणी! मंगला म्हणायची, "पुढच्या जन्मी बाटलीच व्हावं बाप्पा. रोज न्हाऊ तरी घालते."

एका संध्याकाळी तिनं धुतलेल्या बाटल्यांत शेवटचं स्वच्छ पाणी भरलं, वर चिंध्यांचे बोळे लावले आणि पिशवीतून घरी नेल्या. लेकरांना प्यायला. नवऱ्यानं पिशवी उघडली आणि त्याचा चेहरा असा फुलला की लग्नातही तेवढा फुलला नव्हता. "वा रे माही लक्ष्मी!" म्हणत त्यानं बाटली तोंडाला लावली आणि पुढच्याच क्षणी घोट थुंकून टाकला.

"पानी हाय बे हे!"

दुसऱ्या दिवशी मंगला गाल सुजवून कामाला आली. "दारूपाई तं सगळ्याच मार खाते," म्हणाली. "म्या पान्यापाई खाल्ला!"

*

कास्टिक असं आहे, की ते लेबलाचा डिंक काढतं, बाटलीतली घाण काढतं आणि बाईच्या बोटावरच्या रेषाही काढतं. रेशनच्या दुकानात आम्ही रांगेत उभ्या राहिलो की दुकानदार कपाळाला हात लावतो. मशीनवर अंगठा ठेवला की लाल दिवा. पुन्हा ठेवा, लाल दिवा. पुसून ठेवा, तेल लावून ठेवा, लाल तो लालच.

"मावशी, तुमचा अंगठा लागत नाही. मशीन म्हणते ही बाई तुमी नाहीच."

"मंग कोन हावो म्या?" मावशीनं खरंच विचारलं.

मंगला मागून ओरडली, "बाटल्यायवर पाह्य ना भाऊ, तिथं लागले असन आमचे अंगठे!"

*

गजूचा वास रोजचा झाला तेव्हा मावशीनं ठरवलं, गावातलं दारूचं दुकान बंद करायचं. पुरेशा बायांनी अर्ज दिला की मतदान लागतं, उभी बाटली की आडवी, म्हणजे दुकान चालू की बंद. मी अर्ज लिहिला. मंगलानं शंका काढली, "दुकान बंद झालं तं आपन धुवाचं काय?"

"लोकायच्या गावच्या धुऊ," मावशी म्हणाली. "मायं पोट्टं अजून नवंच हाय. सुटन."

तालुक्याहून साहेब पडताळणीला आले. कोणी कोणाच्याही नावानं सही करतं म्हणून त्यांनी अंगठ्याचं मशीनच आणलं होतं. बाकी गावच्या बाया भराभर पार पडल्या. शेडवाल्या आलो आणि लाल दिवा लागला तो लागलाच. आम्हाला सोडलं तर संख्या भरत नव्हती.

साहेब भला माणूस. म्हणाले, "हरकत नाही, ओटीपीही चालतो. मोबाईल कुठे आहे?"

"नवऱ्यापाशी," मंगला म्हणाली.

"मग नवऱ्याला बोलवा."

"तो दुकानात बसला हाय ना साहेब. तुमी जे बंद कराले आले, त्याच दुकानात!"

अर्ज बाद झाला. त्या दिवशी मी घरी जाऊन रडले. लाज नाही सांगायला.

*

मावशी मात्र रडली नाही. रेशनवाला बोलता बोलता म्हणाला होता, कास्टिक सोडलं तर रेषा पुन्हा उगवतात. झालं! दुसऱ्या दिवशी मावशीनं शेठला सांगितलं, "म्या येत नाही. अंगठा उगवून राह्यली!"

शेठला वाटलं, म्हातारीला वेड लागलं. मावशी घरी बसून अंगठ्याला खोबरेल चोळायची, भांडीसुद्धा डाव्या हातानं घासायची. अधूनमधून रेशनच्या मशीनवर अंगठा ठेवून बघायची. गजूची मजुरी घरापर्यंत पोचत नव्हती, घर तर चालायला हवं. मग तिच्या जागी आली तिची सून, रुपाली. गोरीपान पोर, नखांवर लग्नाची मेंदी अजून फिकट दिसत होती. टाकीत हात घालताना पहिल्या दिवशी तिनं डोळे मिटून घेतले होते.

एका सकाळी मावशी पळतच शेडवर आली. "हिरवा लागला! मास्तरीण, हिरवा लागला माया अंगठ्याले!" आम्ही गूळ खाल्ला. मी पुन्हा अर्ज लिहिला. या वेळी सणाच्या सुटीत आम्हीही हात कोरडे ठेवले होते.

साहेब पुन्हा आले, तेच मशीन घेऊन. मावशी रांगेत पहिली. हिरवा! माझा तिसऱ्या खेपेला हिरवा. मंगलाचा लाल. काहींचे लागले, काहींचे नाही. साहेबांनी यादी बघितली. थोडेच कमी पडत होते.

"थांबा साहेब," मावशी म्हणाली. "माया घरचा अजून एक हाय. मागच्या खेपेले तिचं नाव इथल्या यादीत नोतं, आता आलं. रुपाली, ये वं पुढं. लाव."

रुपालीनं पदराला हात पुसला आणि मशीनवर अंगठा ठेवला.

लाल.

पुन्हा पुसला, पुन्हा ठेवला. लाल.

मावशीनं सुनेचा हात आपल्या हातात घेतला. उजेडाकडे धरून फिरवून फिरवून बघितला. मग नाकाजवळ नेला.